लष्करी प्रतिकृती व अंकीय देखावे

रणगाडे, तोफा, विमाने, युद्धनौका, तटबंदी, सैनिक व त्यांची शस्त्रसामग्री यांच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या त्रिमितीय आकृतींना लष्करी प्रतिकृती म्हणतात. अशा प्रतिकृती भूप्रदेश, झाडे, इमारती व माणसे यांच्यासह एकत्र मांडून एखाद्या प्रसंगातील एक क्षण दाखविला, म्हणजे त्यास देखावा किंवा डायोरामा ही संज्ञा लावतात. या मांडणीची अंकीय कॅमेऱ्याने छायाचित्रे घेऊन ती संगणकावर आकाश, दूरचा भूप्रदेश, धूर, धूळ इत्यादींशी जोडली असता जे चित्र सिद्ध होते, तो अंकीय देखावा होय. खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद प्रमाणाचा आहे. प्रतिकृतीचे प्रत्येक माप मूळ वस्तूच्या मापाशी ताडून पाहता येते. देखाव्याचे तसे नाही. अमुक स्थळी, अमुक वेळी, अमुक सैन्य अशा स्थितीत होते, असे एक विधानच देखावा करीत असतो. त्यामुळे त्याची सत्यता केवळ मापपट्टीने ठरत नाही, तर पुराव्याने ठरते.

डायोरामा ही संज्ञा ‘आरपार’ व ‘दृश्य’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनली आहे. लुई दागेर व शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे सुरू केलेल्या एका रंगगृहास प्रथम हे नाव मिळाले. तेथे अर्धपारदर्शक पडद्यांवरील भव्य चित्रे पुढून व मागून पडणाऱ्या प्रकाशाच्या बदलांनी जिवंत केल्याचा भास होई. पुढे हीच संज्ञा संग्रहालयांतील त्रिमितीय देखाव्यांना लावण्यात येऊ लागली. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेर यांच्या नावाशी ती निगडित असावी, हे अंकीय देखाव्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

इतिहास : लष्करी प्रतिकृतींची परंपरा प्राचीन आहे. ईजिप्तमधील अस्यूत येथे मेसेहती या अधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २०००) लाकडी सैनिकांची दोन पथके सापडली. त्यांपैकी एकात ४० ईजिप्शियन भालाईत व दुसऱ्यात ४० न्यूबियन धनुर्धर आहेत. त्यांचा हेतू धार्मिक होता. लष्करी उपयोगासाठी मोजमाप करून केलेल्या प्रतिकृतींचे ठळक उदाहरण फ्रान्समध्ये आढळते. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हा याने १६६८ पासून सरहद्दीवरील तटबंदीयुक्त नगरांच्या १ : ६०० प्रमाणातील प्रतिकृती करविण्यास प्रारंभ केला. वेढा घालण्याचे वा मोडण्याचे बेत राजधानीत बसून आखता यावेत, हा त्यामागील उद्देश होता. त्यांपैकी अनेक प्रतिकृती पॅरिसमधील अँव्हालीद या वास्तूत जतन केलेल्या आहेत. सतराव्या शतकातच इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या प्रतिकृती बहुधा १ : ४८ या, म्हणजे एका फुटास पाव इंच, प्रमाणात बनविल्या जात. हे प्रमाण विमानांच्या व वाहनांच्या प्रतिकृतींसाठी आजही रूढ आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान हिल्पर्ट व इतर कारागिरांनी कथिलाचे चपटे सैनिक ओतण्यास सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात हाइनरिखझेन या कारखान्याने त्यांची ३० मि.मी. ही उंची रूढ केली. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन याच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक बाजारात आणले. धातू कमी लागत असल्याने ते स्वस्त पडत. त्यांची ५४ मि.मी. ही उंची १ : ३२ या प्रमाणाशी जुळते.

देखाव्याने केलेले विधान किती वादग्रस्त ठरू शकते, याचे बोलके उदाहरण म्हणजे कॅप्टन विल्यम सायबॉर्न यांनी केलेला वॉटर्लूच्या लढाईचा देखावा. ब्रिटिश लष्कराने १८३० मध्ये त्यांच्याकडे हे काम सोपविले. सायबॉर्न यांनी रणक्षेत्रावरील ला ए सँत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम करून भूमीची मोजणी केली. त्यानंतर १८ जून १८१५ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास आपली तुकडी कोठे होती, समोर शत्रूची कोणती रचना होती व शेतात कोणते पीक उभे होते, अशी विचारणा त्यांनी हयात अधिकाऱ्यांना पत्रे लिहून केली. एखाद्या लढाईविषयी प्रत्यक्षदर्शींची साक्ष इतक्या पद्धतशीरपणे गोळा करण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न होय. देखाव्याचे प्रमाण एका मैलास नऊ फूट, म्हणजे सु. १ : ५८७ होते. या प्रमाणात माणसाची उंची जेमतेम ३ मि.मी. भरते. म्हणून सैनिक भूमीच्या प्रमाणाहून मोठे करावे लागले आणि सामान्यतः दोन सैनिकांमागे एक आकृती योजण्यात आली. तरीही आकृत्यांची संख्या ७० हजारांहून अधिक झाली.

शासनाने १८३३ मध्ये खर्च थांबविला. तेव्हा सायबॉर्न यांनी कर्ज काढून काम पुरे केले व १८३८ मध्ये लंडनमध्ये देखावा प्रदर्शित केला. मिळालेल्या साक्षींवरून निर्णायक क्षणी प्रशियाचे सैन्य रणक्षेत्रात बरेच पुढे आले होते, असे त्यांना आढळले होते व त्यांनी ते तसेच दाखविले होते. विजयाचे श्रेय त्यामुळे विभागले जात असल्याने ड्यूक ऑफ वेलिंग्टन व त्यांचे निकटवर्ती यांना ही मांडणी मान्य नव्हती. अखेरीस सायबॉर्न यांनी हजारो प्रशियन सैनिकांच्या आकृत्या काढून टाकल्या. हा देखावा लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. त्यातील मोकळी जागा काही न बोलता बरेच काही सांगते. देखाव्यात जे ठेवले जाते त्याइतकेच जे वगळले जाते, तेही इतिहासाविषयीचे विधान असते.

दुसऱ्या महायुद्धात प्रतिकृतींचा वापर तीन प्रकारे झाला. पहिला प्रयोगासाठी : जर्मनीतील म्योन धरण फोडण्यास किती स्फोटक लागेल हे अजमावण्यासाठी इंग्लंडमधील वॉटफर्डजवळच्या इमारत संशोधन केंद्रात त्याची १ : ५० प्रमाणातील प्रतिकृती बांधण्यात आली. दुसरा पूर्वतयारीसाठी : १६–१७ मे १९४३ च्या रात्री झालेल्या धरणांवरील हल्ल्यापूर्वी वैमानिकांना उठावदार प्रतिकृतींवरून लक्ष्ये समजावून देण्यात आली. तिसरा ओळख पटविण्यासाठी : अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांकडून १ : ७२ प्रमाणातील पाच लाख विमान-प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. या प्रमाणातील प्रतिकृती १० मी. अंतरावरून पाहिल्यास ७२० मी. अंतरावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. त्यामुळे आकाशातील विमान शत्रूचे की आपले, हे चटकन ओळखण्याचा सराव वर्गातच करता येई. याच काळात नॉर्मन बेल गेडीस या अमेरिकन अभिकल्पकाने लाइफ या नियतकालिकासाठी लढायांच्या प्रतिकृती करून त्यांची छायाचित्रे घेतली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९४४ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. जेथे कॅमेरा पोहोचू शकला नाही, तेथील दृश्य प्रतिकृतीवरून छायाचित्रित करण्याची ही रीत आजच्या अंकीय देखाव्याची पूर्वज म्हणता येईल.

छंद म्हणून या कलेचा प्रसार प्लॅस्टिकमुळे झाला. इंग्लंडमध्ये १९३६ मध्ये फ्रॉग पेंग्विन या नावाने सेल्युलोज ॲसिटेटचे १ : ७२ प्रमाणातील विमान-संच निघाले. महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हे अधिक स्थिर व स्वस्त बहुवारिक वापरात आले. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा स्पिटफायर विमानाचा संच १९५३ मधील आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया या मूळच्या लाकूड व्यवसायातील कंपनीने १९६१ च्या सुमारास पँथर रणगाड्याचा संच काढला. त्यात विद्युत् चलित्र व विद्युत् घट बसावेत एवढा आकार ठरविला गेला आणि तो मूळ रणगाड्याच्या सु. १ : ३५ पट भरला. अशा रीतीने व्यावहारिक अडचणीतून निघालेले हे प्रमाण पुढे रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जागतिक प्रमाण बनले. आंतरराष्ट्रीय प्लॅस्टिक प्रतिकृतिकार संघटना ब्रिटनमध्ये १९६३ साली स्थापन झाली. अमेरिकन कलावंत शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी देखाव्यात कथा कशी गुंफावी, याचे पद्धतशीर विवेचन केले.

प्रमाणाचे गणित : सु. १·७५ मी. उंचीचा सैनिक १ : ७२ प्रमाणात सु. २४ मि.मी., १ : ४८ प्रमाणात ३६ मि.मी., १ : ३५ प्रमाणात ५० मि.मी. व नौकांसाठी रूढ असलेल्या १ : ७०० प्रमाणात केवळ २·५ मि.मी. होतो. मात्र सर्व राशी एकाच पटीने कमी होत नाहीत. लांबी ३५ पटींनी घटली की, क्षेत्रफळ १,२२५ पटींनी व घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. सु. ५१ टन वजनाचा सेंच्युरियन रणगाडा त्याच धातूत १ : ३५ प्रमाणात केला, तर त्याचे वजन जेमतेम १·२ कि.ग्रॅ. भरेल. प्लॅस्टिकची पोकळ प्रतिकृती तर त्याहूनही पुष्कळ हलकी असते. साहजिकच ती मातीवर नुसती ठेवली, तर तरंगत असल्यासारखी दिसते. चाकांचे पट्टे मातीत किंचित रुतविणे, मऊ जमिनीत त्यांचे ठसे मागे उमटविणे अशा उपायांनी वजनाचा प्रत्यय द्यावा लागतो. जाडीचाही असाच प्रश्न आहे. साच्यातील प्लॅस्टिकची भिंत १ मि.मी. जाड असली, तर ती प्रत्यक्षातील ३५ मि.मी. जाडीची ठरते. म्हणून चिखलरोधक पत्रे, जाळ्या यांसारख्या पातळ भागांसाठी आम्लाने कोरलेले पितळेचे पत्रे वापरतात.

संदर्भशोधन : बांधणीला हात घालण्यापूर्वी पुरावा गोळा करणे ही या कलेची पहिली पायरी होय. बसंतरच्या लढाईचे उदाहरण घेता येईल. शकरगढ विभागातील जरपालजवळ १६ डिसेंबर १९७१ रोजी झालेल्या रणगाड्यांच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी आपला रणगाडा पेटला असतानाही तो सोडला नाही. ते लढता लढता वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्यांचा जन्म पुण्याचा. त्यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. त्याच शहरातील रणगाडा संग्रहालय (स्थापना १९९४) हे विविध देशांचे रणगाडे एकत्र पाहण्याचे भारतातील प्रमुख स्थळ होय.

अशा प्रसंगाचा देखावा करणाऱ्यास अनेक प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. सेंच्युरियनच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर क्रमाने १७ पौंडी, २० पौंडी व १०५ मि.मी. अशा तोफा होत्या. त्या रेजिमेंटकडे त्या वर्षी कोणती तोफ होती? बाजूची संरक्षक पत्र्यांची झालर होती की उतरविलेली होती? क्रमांक व खुणा कोठे व कोणत्या रंगात होत्या? संग्रहालयातील रणगाडा मापांसाठी उत्तम पुरावा असला, तरी रंगासाठी तो तितकासा विश्वसनीय नसतो. जतन करताना अशा वाहनांना वेळोवेळी नवा रंग देण्यात येतो व काही भाग बदलले जातात. त्या काळची छायाचित्रे, रेजिमेंटचे इतिहास, सन्मानपत्रांचा मजकूर व प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी परस्परांशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. जे निश्चित कळत नाही ते चिखल, गवत वा जाळीच्या आच्छादनाखाली राहू देणे हा प्रामाणिक मार्ग मानला जातो.

बांधणी व रंगकाम : संचातील भाग पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरून बनवितात. ते एका चौकटीला जोडलेले असतात. चिमट्यासारख्या पक्कडीने भाग सोडवून साच्याच्या सांध्याची रेघ धारदार पात्याने खरवडतात व पॉलिश कागदाने घासतात. जोडण्यासाठी वापरलेला विद्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो व दोन्ही भाग एकजीव होतात. त्यामुळे हा सांधा चिकटविलेल्या सांध्यापेक्षा मजबूत असतो. फटी व खळगे यांत लांबी भरून पुन्हा घासतात. विद्रावकांची वाफ व रेझिनची धूळ अपायकारक असल्याने खोलीत वारा खेळता असणे व नाकातोंडावर पट्टी बांधणे जरूर असते. अलीकडे द्रव रेझीन प्रकाशाने थराथराने घट्ट करून त्रिमितीय मुद्रणाने सुटे भाग घरीही बनविता येतात. या पद्धतीचे मूळ चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये मिळालेल्या अमेरिकन एकस्वात आहे.

रंगाची सुरुवात अस्तराने होते. त्यावर मूळ रंगाचे पातळ थर फवाऱ्याने देतात. प्रत्यक्ष वाहनाचा रंग जसाच्या तसा लावल्यास लहान प्रतिकृती अधिक गडद दिसते. दूरच्या वस्तूवर हवेचा फिकट थर चढल्यासारखा वाटतो, त्याचा हा परिणाम होय. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा वा पिवळसर रंग मिसळतात. नंतर पातळ केलेला गडद रंग खाचांतून वाहू देतात, तर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा व उंचवटे उजळतात. गंज, तेलाचे ओघळ, धूळ व खरचटे यांना कारण असावे लागते. माणसांच्या वावराच्या जागी रंग झिजतो, इंधन भरण्याच्या तोंडापाशी डाग पडतात, धूळ खालच्या भागावर जास्त बसते. कारणावाचून केलेली झीज शोभेची ठरते, खरी वाटत नाही.

देखाव्याची रचना : पाया प्लायवुडचा करून त्यावर थर्मोकोल वा तत्सम फेसाचे थर कोरून उंचसखलपणा आणतात. त्यावर प्लॅस्टरचा लेप देऊन चाळलेली माती, वाळू व बारीक खडी सरसाने बसवितात. वाळलेल्या मुळ्या व शेवाळ यांची झाडेझुडपे होतात. पाण्यासाठी पारदर्शक रेझीन ओततात. मात्र लाटांचा आकार, पाण्याचे थेंब व ज्योती प्रमाणात लहान होत नाहीत. पृष्ठताण व गुरुत्वाकर्षण तेच राहत असल्याने खरे पाणी वा खरी आग प्रतिकृतीचा लहानपणा उघडा पाडते. रचनेत एकच मध्यवर्ती घटना असावी व इतर आकृत्यांच्या नजरा आणि हालचाली तिच्याकडे नेणाऱ्या असाव्यात, असा संकेत आहे. वाहने पायाच्या कडांना समांतर न ठेवता तिरपी ठेवली असता दृश्य पुढे-मागे चालू असल्याचा भास होतो. क्षणाची निवड सर्वांत महत्त्वाची असते. स्फोटाच्या क्षणापेक्षा त्याच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण पुष्कळदा अधिक परिणामकारक ठरतो, कारण उरलेला भाग पाहणाऱ्याला मनाशी पुरा करावा लागतो.

छायाचित्रण : अंकीय देखाव्याचे यश संगणकापेक्षा कॅमेऱ्याच्या जागेवर अधिक अवलंबून असते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सु. १·६ मी. उंचीवर असतात. १ : ३५ प्रमाणात ही उंची केवळ ४६ मि.मी. होते. भिंग तितक्या खाली नेले, तर पाहणारा त्या भूमीवर उभा असल्याचा प्रत्यय येतो. तेच ३५ सें.मी. उंचीवर ठेवले, तर दृश्य तीन-चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहिल्यासारखे दिसते व प्रतिकृतीचे खेळणे होते. अंतरालाही हाच नियम लागू पडतो. ५० मी. अंतरावरून दिसणारे यथादर्शन हवे असेल, तर कॅमेरा प्रतिकृतीपासून सु. १·४ मी. दूर हवा.

दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची आहे. जवळून छायाचित्र घेताना दृश्याचा थोडाच भाग स्पष्ट उमटतो. ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यात एक-पंचमांश विवर्धनाला भिंगाचे छिद्र फ/१६ इतके लहान केले, तरी ही खोली सु. ३ सें.मी. भरते. याउलट खऱ्या रणगाड्याच्या दूरून घेतलेल्या छायाचित्रात सर्वच भाग स्पष्ट असतो. हा फरक घालविण्यासाठी कॅमेरा स्थिर ठेवून केंद्र टप्प्याटप्प्याने मागे सरकवीत अनेक छायाचित्रे घेतात व प्रत्येकातील स्पष्ट भाग तेवढा निवडून संगणकावर एकत्र करतात.

तिसरी बाब प्रकाशाची. आकाशात सूर्यबिंब सु. अर्ध्या अंशाचे दिसते. म्हणून २ मी. अंतरावरील दिव्याचे प्रकाशणारे तोंड १८ मि.मी.च्या आसपास असले, तरच सावलीच्या कडा सूर्यप्रकाशातल्यासारख्या येतात. त्यापेक्षा उघड्यावर, प्रत्यक्ष उन्हात छायाचित्र घेणे सोपे पडते. मात्र सूर्याची उंची प्रसंगाशी जुळली पाहिजे. शकरगढच्या अक्षांशावर (सु. ३२° उ.) १६ डिसेंबरला सूर्य भर मध्यान्हीही क्षितिजापासून सु. ३४° इतकाच वर येतो. तेव्हा सु. ३ मी. उंचीच्या सेंच्युरियनची सावली ४·४ मी., म्हणजे प्रतिकृतीत सु. १२·५ सें.मी. पडली पाहिजे. सकाळी ती त्याहूनही लांब असेल. डोक्यावरील दिव्याखाली घेतलेले चित्र इतर सर्व तपशील अचूक असूनही ऋतूच्या बाबतीत खोटे ठरते.

संगणकावरील जोडणी : फोटोशॉप ही संगणक प्रणाली १९९० मध्ये बाजारात आल्यानंतर पूर्वी अंधाऱ्या खोलीत कात्रणे व दुहेरी उद्भासन यांनी होणारे काम मेजावर होऊ लागले. प्रतिकृतीचे चित्र तिच्या पार्श्वभूमीपासून वेगळे करून ते खऱ्या भूप्रदेशाच्या छायाचित्रावर बसवितात. या जोडणीत चार गोष्टी जुळणे अत्यावश्यक असते : क्षितिजरेषेची उंची, प्रकाशाची दिशा, भिंगाचा दृष्टिकोन व हवेचा दाटपणा. सपाट मैदानावर उभ्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवरून घेतलेल्या चित्रात क्षितिजरेषा त्याच जमिनीवर दूर उभ्या असलेल्या सर्व माणसांच्या डोळ्यांतून जाते. ती वर-खाली झाली, की माणसे बुटकी वा राक्षसी वाटतात. दूरचे भाग फिकट, निळसर व कमी छायाभेदाचे करावे लागतात. धूर, धूळ, तोफेच्या तोंडची ज्वाला व पाऊस या प्रमाणात लहान न होणाऱ्या गोष्टी येथे खऱ्या छायाचित्रांतून घेऊन जोडता येतात. भौतिक देखाव्याची उणीव अंकीय देखावा भरून काढतो, ती मुख्यतः येथे. शेवटी सर्व घटकांना सारखी रंगछटा व सारखा कणीदारपणा देतात.

याखेरीज प्रतिकृतीची सर्व बाजूंनी, एकमेकांवर पुरेशी आच्छादणारी अनेक छायाचित्रे घेऊन त्यांवरून तिचा त्रिमितीय आकार संगणकात उभा करता येतो. या रीतीला छायाचित्रमितीचे तत्त्व आधारभूत आहे. चकचकीत व पारदर्शक पृष्ठभागांवर ती नीट चालत नाही. असा आकार एकदा मिळाला, की कॅमेऱ्याची जागा व प्रकाश नंतर हवे तसे बदलता येतात आणि एकाच रणगाड्यावरून संपूर्ण पथक उभे करता येते.

सत्यता व मर्यादा : ही सोयच सावधगिरीचे कारण आहे. काचेच्या पेटीतील देखावा पाहणाऱ्यास तो लहान व कृत्रिम आहे, हे सतत जाणवत असते. अंकीय देखाव्यात ही जाणीव नाहीशी करणे हेच कौशल्य मानले जाते. परिणामी जुन्या छायाचित्रासारखी छटा दिलेला असा देखावा खऱ्या छायाचित्रांत मिसळला, तर तो पुढील अभ्यासकांस पुरावा म्हणून भासू शकतो. एका रणगाड्याचे वीस झाले, म्हणजे त्या लढाईतील बळाबळच बदलते. सायबॉर्न यांना आकृत्या काढून टाकण्यासाठी हजारो कथिली सैनिक उपटावे लागले. संगणकावर तेच काम क्षणात व मागे खूण न ठेवता होते. म्हणून चित्राखाली ते प्रतिकृतीवरून सिद्ध केल्याचा उल्लेख करणे, मूळ छायाचित्रे जपून ठेवणे आणि कोणता भाग पुराव्यावर व कोणता अनुमानावर आधारलेला आहे, हे नमूद करणे या प्रथा आवश्यक ठरतात. युद्धात मेलेली माणसे दोन्ही बाजूंची असतात व त्यांचे आप्त पुष्कळदा हयात असतात. त्यामुळे मृत्यूचे प्रदर्शन टाळून प्रसंगाचे गांभीर्य राखण्याकडे जाणत्या कलावंतांचा कल असतो.

भारतातील परंपरा : भारतीय सेनादलांत हल्ल्यापूर्वी जमिनीवर माती, वाळू, काड्या व रंगीत भुकटी यांनी प्रदेशाची उठावदार प्रतिकृती करून तुकड्यांना बेत समजावून देण्याची पद्धत आहे. ती सँड मॉडेल या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात माती, दगड, विटा व गोणपाट यांचे किल्ले करतात, हा लष्करी देखाव्याचाच एक लोकप्रकार होय. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात, बुरुजांवर मातीचे मावळे उभे करतात व माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती शिवाजी महाराजांची मूर्ती ठेवतात. दीड किलोमीटर विस्ताराचा किल्ला दीड मीटरच्या जागेत करावयाचा, तर प्रमाण १ : १,००० पडते व मावळा २ मि.मी.पेक्षाही लहान व्हावा लागतो. प्रत्यक्षात बाजारातील ८ सें.मी.चा मावळा सु. १ : २० प्रमाणाचा असतो. येथे आकार अंतरावरून नव्हे, तर आदरावरून ठरतो. प्राचीन शिल्पांतही राजाची आकृती इतरांहून मोठी आढळते, ती याच तत्त्वाने. अलीकडे अनेक ठिकाणी भरणाऱ्या किल्ले-स्पर्धांमधून मात्र प्रत्यक्ष किल्ल्यांचे नकाशे अभ्यासून दरवाजे, माच्या, टाकी व बुरुज योग्य जागी दाखविण्याचा प्रयत्न होतो. किल्ल्यावर जाऊन मोजमाप घेणे, जुन्या नोंदींशी ते ताडणे व मगच माती कालविणे, ही सवय जेथे लागते, तेथे खेळातून इतिहासाच्या अभ्यासाकडे जाणारी वाट सुरू होते.